ह्युमन परफॉर्मन्स टेकचं फोरकास्ट देणारी सर्विस : प्लॅनिंग उत्तम, भाकितं मात्र तपासून घ्या

आधी निकाल सांगते, मग सविस्तर लिहिते. पाचपैकी साडेतीन स्टार. वर्कशॉप आणि प्लॅनिंगचा भाग खरंच उत्तम, तिमाही भाकितांचा भाग आहे तसा घेतला तर निम्म्या मार्कांचा, आणि एक रकाना असा गायब आहे की त्यामुळे माणसांचं खरंखुरं नुकसान होऊ शकतं, त्याबद्दल खाली बरंच लिहिलंय, तेवढं तरी जरूर वाचा.

आमच्या टीमचं काम प्लॅनिंगचं. दिवसभर ओझी उचलणारी माणसं, हात डोक्याच्या वर धरून स्क्रू पिळणारी माणसं, रात्रपाळीत स्क्रीनकडे डोळे लावून बसणारी माणसं, यांच्यासाठी पुढच्या पाच-दहा वर्षांत कुठली साधनं येतील, कशासाठी आत्तापासून बजेट आणि ट्रेनिंग धरून ठेवायचं, कशाची नुसती वाट बघायची आणि कशाचा विचारच सोडून द्यायचा हे ठरवायचं असतं. एक्सोस्केलेटन (अंगावर चढवून हालचालीला आधार देणारा सांगाडा), थकवा मोजणारे पट्टे आणि अंगठ्या, डोक्याला हलका करंट देणारे हेडसेट, जागं ठेवणाऱ्या गोळ्या, ब्रेन इम्प्लांट, सगळं एकदमच समोर येतं आणि प्रत्येक व्हेंडर सांगतो की दोन वर्षांत सगळीकडे हेच असणार. म्हणून एका फोरसाइट सर्विसचं, म्हणजे पुढे काय येणार याचा अंदाज देणाऱ्या सर्विसचं, सबस्क्रिप्शन घेतलं. नाव देत नाहीये, या प्रकारच्या सर्विस साधारण एकाच साच्याच्या असतात आणि माझे मुद्दे कुठलीही घेताना उपयोगी पडतील.

मिळतं काय, तर दर तिमाहीला एक रिपोर्ट, एक डॅशबोर्ड ज्याच्यात प्रत्येक टेक्नॉलॉजीचं एक कार्ड असतं (तयारी किती, किती टक्के शक्यता, कधीपर्यंत), तज्ज्ञांच्या पॅनलचे निकाल आणि मग तुमच्या टीमसोबत घेतलेलं सिनारिओ वर्कशॉप, म्हणजे पुढे काय काय घडू शकतं याची चित्रं मांडून प्लॅन करणं. डॅशबोर्ड दिसायला नीटनेटका आहे, शोधायला सोपा आहे, सपोर्टवाले लोक वेळेत उत्तर देतात. त्याबद्दल तक्रार नाही.

सगळ्यात चांगलं कार्ड एक्सोस्केलेटनचं. यात त्यांनी पहिल्याच ओळीत दोन गोष्टी वेगळ्या केल्यात ज्या बाकी सगळे एकत्र करून टाकतात. एक म्हणजे बॅटरी-मोटरवाला पूर्ण सूट आणि दुसरं म्हणजे नुसत्या स्प्रिंगवर चालणारं, खांद्याला किंवा पाठीला आधार देणारं हलकं साधन. पहिल्याचा इतिहास बघा, अमेरिकन सैन्याच्या स्पेशल ऑपरेशन्सवाल्यांनी २०१३ मध्ये टॅलोस नावाचा चिलखती पॉवर सूट जाहीर केला, पाच वर्षांत प्रोटोटाइप हवा होता आणि २०१९ पर्यंत पूर्ण सूटची कल्पना बाजूला पडली, सुटे भाग तेवढे पुढे गेले. कारण तेच जुनं, बॅटरी, वजन, उष्णता, आणि माणसाच्या सांध्यांच्या हालचालीशी मशीनचं न जुळणं. याउलट स्प्रिंगवाली जॅकेटं गाजावाजा कमी असूनही कारखान्यात पोचली, फोर्डने २०१८ मध्ये आपल्या १५ प्लांटमध्ये डोक्यावर हात धरून काम करणाऱ्यांसाठी ती दिली. म्हणजे भाकीत करताना "एक्सोस्केलेटन कधी येणार" हा प्रश्नच चुकीचा, कुठलं, कुठल्या हालचालीसाठी, हे विचारायला हवं, आणि या सर्विसने ते विचारलंय.

त्याहून चांगली गोष्ट म्हणजे त्यांनी पुरावा कुठे थांबतो ते स्पष्ट लिहिलंय. पाठीला आधार देणाऱ्या स्प्रिंगच्या साधनांनी पाठीच्या स्नायूंचं काम साधारण १० ते ४० टक्के कमी होतं असं २०१६ च्या एका आढाव्यात दिसलं होतं, हा आकडा प्रत्येक ब्रोशरवर असतो. पण स्नायूला कमी काम पडलं म्हणजे दुखापती कमी झाल्या असं सिद्ध होत नाही, कारण भार नाहीसा होत नाही, तो छातीवर, मांड्यांवर, कमरेच्या पट्ट्यावर सरकतो. आमच्याकडे ट्रायलला घातलेल्या एका ताईंनी तेच सांगितलं, खांदा हलका वाटतो पण दुपारनंतर पट्टा रुततो आणि वाकून खाली बसायला त्रास होतो. रिपोर्टमध्ये हा मुद्दा आधीच होता म्हणून आम्ही ट्रायलमध्ये खांद्यासोबत कंबर आणि गुडघ्याबद्दलही विचारत होतो. नाहीतर फॉर्मवर "खांदा बरा वाटला का, हो" एवढंच आलं असतं.

आता कच्चा भाग. ब्रेन इंटरफेसचं, म्हणजे मेंदू थेट मशीनला जोडण्याचं, कार्ड मला अजिबात पटलं नाही. त्यात "कामाच्या ठिकाणी व्यापक वापर" याची शक्यता टक्क्यांत दिलीय, पण व्यापक म्हणजे किती, कुठल्या कामात, इम्प्लांट की नुसता हेडसेट, काहीच नाही. असं भाकीत कधीच चूक ठरू शकत नाही, मग ते बरोबर तरी कसं ठरणार? आणि या विषयात तर मागचा रेकॉर्ड समोर आहे. २००२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पुढाकाराने नॅनो, बायो, आयटी आणि कॉग्निटिव्ह सायन्स एकत्र येऊन माणसाची क्षमता कशी वाढेल यावर मोठा रिपोर्ट आला, त्यात पुढच्या साधारण वीस वर्षांत मेंदू आणि मशीनमध्ये थेट वेगवान जोडणी होऊन कारखान्यातलं काम बदलेल अशी अपेक्षा होती. ब्रेनगेट या मेंदूतल्या इम्प्लांटची पहिली माणसावरची चाचणी २००४ ची. न्यूरालिंक कंपनीचं पहिलं मानवी इम्प्लांट जानेवारी २०२४ चं, आणि त्यातही काही आठवड्यांत सिग्नल टिपणारे बरेच बारीक धागे मेंदूच्या ऊतीतून मागे सरकले, मग सॉफ्टवेअर बदलून काम भागवावं लागलं. या वीस वर्षांत जे साध्य झालं ते अफाट आहे, अर्धांगवायू झालेला माणूस विचाराने कर्सर हलवतो, ही गोष्ट वाचून माझ्या अंगावर काटा येतो. पण ते उपचार आहेत. ज्याचे हातपाय चालत नाहीत त्याच्यासाठी कवटी उघडण्याचा धोका पत्करणं आणि धडधाकट माणसाने टायपिंग वेगाने व्हावं म्हणून पत्करणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि परवानगी देणाऱ्या संस्था नेमकं हेच फायदा विरुद्ध धोका असं तोलून बघतात. कार्डमध्ये उपचार ते सुधारणा ही उडी गृहीत धरलीय, तिची शक्यता वेगळी मोजलेलीच नाही. माझ्या मते फोरकास्टमधला सगळ्यात अवघड टप्पा तोच आहे.

तयारीच्या पातळीबद्दलही असंच. ते टीआरएल (टेक्नॉलॉजी रेडीनेस लेव्हल) वापरतात, म्हणजे नासाने १९७० च्या दशकात सुरू केलेली आणि आता नऊ पायऱ्यांची असलेली मोजपट्टी. यंत्रासाठी ती चांगलीच आहे. पण नववी पायरी म्हणजे वस्तू प्रत्यक्ष परिस्थितीत चालते, माणूस ती पूर्ण शिफ्टभर अंगावर ठेवेल का, शेजारी बसलेल्याला ती चालेल का, घाम आल्यावर काय, हे त्यात कुठेच येत नाही. गूगल ग्लास या कॅमेरावाल्या स्मार्ट चष्म्याकडे बघा, २०१३ मध्ये लोकांच्या हातात आला, वस्तू म्हणून चालत होता, २०१५ च्या जानेवारीत सामान्य ग्राहकांना होणारी विक्री थांबली, मुख्य कारणांपैकी एक हे की समोरच्याला कॅमेरा नको होता. मग २०१७ मध्ये कारखाने-गोदामांसाठी परत आला आणि २०२३ मध्ये तेही बंद. टीआरएलच्या पट्टीवर यातलं काहीच दिसलं नसतं. तंत्राच्या पट्टीशेजारी माणसांच्या स्वीकाराची पट्टी हवी असं मी फीडबॅकमध्ये लिहिलंय.

पॅनलबद्दल. पद्धत डेल्फी आहे, १९५० च्या दशकात रँड कॉर्पोरेशन या अमेरिकन संशोधन संस्थेत तयार झालेली, तज्ज्ञांना एकमेकांची नावं न कळता आकडे द्यायचे, मग सगळ्यांचा गोषवारा बघून परत विचार करायचा, अशा फेऱ्या. पद्धत चांगली, कारण खोलीतल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचं वजन कमी होतं. पण इथे दोन गडबडी आहेत. पॅनलमध्ये ते साधन बनवणारे आणि विकणारेच जास्त, ते वापरणारे, त्यांची दुखणी बघणारे फिजिओथेरपिस्ट, युनियनची माणसं, सेफ्टी ऑफिसर जवळजवळ नाहीतच. आणि निकालात फक्त मधला आकडा देतात. निम्मे लोक तीन वर्षं म्हणतात आणि निम्मे कधीच नाही म्हणतात तेव्हा मधला आकडा देणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणंच आहे, मला तो मतभेद बघायचाय, प्लॅनिंगला तोच लागतो! मागितल्यावर त्यांनी पूर्ण आकडे पाठवले हे मान्य, पण मागावं का लागावं?

डोक्याला करंट देणाऱ्या हेडसेटच्या कार्डवर याचा परिणाम स्पष्ट दिसतो. २००० च्या आसपास संशोधकांनी दाखवलं की कवटीवरून हलका डीसी करंट दिला की मेंदूच्या त्या भागाची उत्तेजित होण्याची पातळी थोडा वेळ बदलते, तिथून खेळाडूंसाठीचे, सैनिकांसाठीचे हेडसेट निघाले. २०१५ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा निरोगी लोकांमध्ये एका सेशनने विचारशक्तीवर भरवशाचा परिणाम सापडला नाही, त्यावर वादही झाला आणि डिप्रेशनच्या उपचारात याचा वेगळा अभ्यास चालू आहे. कार्डवर मात्र पॅनलचा उत्साह मोठ्या अक्षरात आणि तो आढावा तळाशी बारीक अक्षरात. क्रम उलटा हवा.

आता तो मुद्दा ज्याच्यासाठी अर्धा स्टार सरळ कापला. स्वतःच्या जुन्या भाकितांचा हिशोब ते देत नाहीत. हे मोजायची सोपी रीत १९५० पासून आहे, ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानवाल्याने दिलेला स्कोअर. तुम्ही ७० टक्के म्हणालात आणि ती गोष्ट घडली तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. नाही घडली तर चूक ०.७, वर्ग ०.४९. सगळ्या भाकितांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकं चांगलं, आणि जो माणूस प्रत्येक वेळी नुसतं ५०-५० म्हणतो त्याचा स्कोअर ०.२५ येतो. म्हणजे ज्या सर्विसचा स्कोअर ०.२५ च्या वर आहे तिच्यापेक्षा प्रत्येक वेळी ५०-५० म्हटलेलं बरं. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांच्या टीमने २०११ पासून चाललेल्या अमेरिकन इंटेलिजन्स संशोधन संस्थेच्या स्पर्धेत याच पद्धतीने हजारो सामान्य स्वयंसेवकांची भाकितं मोजली, आणि त्यातली काही माणसं सातत्याने चांगली निघाली, कारण ती प्रश्न बारीक करायची, आधी अशा गोष्टी साधारण किती वेळा घडतात ते बघायची आणि नवी माहिती आली की आकडा थोडा थोडा हलवायची. हे सगळं शिकता येतं, करता येतं. आमच्या सर्विसला विचारलं तर उत्तर आलं की आमचे आकडे दिशा दाखवण्यासाठी असतात. दिशा दाखवायची असेल तर टक्के कशाला देता? टक्के दिले की लोक त्यावर बजेट लावतात, आम्हीही लावतो.

बरं, आता वर्कशॉप, आणि इथे मी मनापासून कौतुक करणार आहे. घेणाऱ्या बाईंनी पहिला तास कुठल्याही गॅजेटबद्दल बोलायलाच दिलं नाही, खेळातली तीन उदाहरणं पुढे ठेवली आणि विचारलं की कुणी वेळेवर प्लॅन केलं, कुणी उशिरा.

पहिलं पोहण्याच्या सूटचं. २००८ मध्ये स्पीडोचा एलझेडआर रेसर आला, मग पॉलियुरेथेनचे आणखी पुढचे सूट, आणि २००९ च्या रोममधल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ४३ विश्वविक्रम झाले. बंदी आली १ जानेवारी २०१० पासून. तोपर्यंत रेकॉर्डबुक बदलून गेलं होतं आणि त्यातले काही रेकॉर्ड पुढे कित्येक वर्षं खऱ्या कष्टाने पोहणाऱ्यांच्या डोक्यावर बसून राहिले. दुसरं बुटांचं. २०१७ मध्ये कार्बन प्लेट आणि जाड फोमचे नाइकीचे बूट बाजारात आले, लॅबमधल्या अभ्यासात धावताना ऊर्जा सरासरी सुमारे ४ टक्के कमी लागत होती, नियम आला २०२० च्या जानेवारीत, सोल ४० मिमीपेक्षा जाड नको, प्लेट एकच. बंदी नाही, मर्यादा. उशीर झाला, पण मोजता येईल अशी रेघ ओढली. तिसरं जीन डोपिंगचं, म्हणजे खेळात जिंकण्यासाठी शरीरातले जीन बदलण्याचं. १९९८ मध्ये उंदरांच्या स्नायूंमध्ये जीन घालून ते जास्त ताकदवान केल्याचं संशोधन आलं, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००२ मध्येच शास्त्रज्ञांना बोलावून यावर बैठक घेतली आणि २००३ मध्ये जीन डोपिंग बंदीच्या यादीत गेलं. तेव्हा कुणी खेळाडू ते करताना सापडलाही नव्हता.

यानंतर त्यांनी कॉलिंग्रिजची कोंडी समजावली, १९८० ची कल्पना आहे, टेक्नॉलॉजी नवी असते तेव्हा ती बदलणं सोपं पण परिणाम दिसत नाहीत, आणि परिणाम दिसायला लागतात तोवर ती इतकी रुजलेली असते की बदलणं महागात पडतं. तिन्ही उदाहरणं या कोंडीच्या वेगवेगळ्या टोकांना बसतात. आमच्या टीममधले जे लोक फोरकास्ट म्हणजे तारीख सांगणं असं समजत होते ते या एका तासात बदलले. तारीख चुकली तरी प्लॅन चालू शकतो, पण तारखेशिवाय दुसरं काहीच नसलेला प्लॅन पहिल्या धक्क्यात पडतो.

मग आम्ही चार सिनारिओ केले आणि प्रत्येकासाठी खुणा ठरवल्या, म्हणजे काय दिसलं की काय करायचं. उदाहरणार्थ, स्प्रिंगच्या जॅकेटबद्दल स्नायूंचे आकडे सोडून प्रत्यक्ष दुखापती मोजणारी मोठी, लांब चाललेली चाचणी चांगला निकाल घेऊन आली की दुसऱ्या विभागात पायलट सुरू. व्हेंडरने डेटा करारात मेंदूच्या किंवा भावनेच्या सिग्नलचा उल्लेख केला की वाटाघाटी थांबवून आधी कायदेशीर सल्ला. हेडसेटबद्दल स्वतंत्र टीमने तोच परिणाम परत दाखवेपर्यंत शून्य खर्च. हा कागद एका पानाचा आहे आणि अख्ख्या सबस्क्रिप्शनमधली सगळ्यात जास्त वेळा उघडलेली फाइल तीच आहे.

कायद्याच्या भागालाही चांगले मार्क. युरोपियन युनियनच्या एआय कायद्यातली कामाच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजात भावना ओळखणाऱ्या सिस्टिमवरची बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली, वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा अपवाद सोडून, आणि रिपोर्टने नेमकं सांगितलं की थकवा किंवा वेदना हे त्या कायद्यात भावना म्हणून धरलेले नाहीत. म्हणजे ड्रायव्हर पेंगतोय हे ओळखणं वेगळं आणि तो नाराज आहे का हे ओळखणं वेगळं, आणि एकाच पट्ट्यात दोन्ही फीचर असू शकतात. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत आणलं तेही होतं. माझी एवढीच भर की कायद्यात बसतं म्हणून विषय संपत नाही. बॉस विचारतो "पट्टा घालणार का" तेव्हा नाही म्हणणं किती जणांना परवडतं? संमतीचा हा प्रश्न कार्डवर एका ओळीत उरकलाय.

आणि आता गायब रकाना. या सर्विसच्या एकाही कार्डवर "हे साधन किंवा कंपनी बंद पडली तर काय" हे नव्हतं. अर्गस टू आठवा. दृष्टी गेलेल्यांसाठीचं रेटिनाचं इम्प्लांट, अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली, जगभरात ३५० हून जास्त लोकांच्या डोळ्यात बसवलं, २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं आणि २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर गेली. लोकांच्या शरीरात यंत्र राहिलं आणि दुरुस्ती करणारं, पार्ट देणारं कुणी उरलं नाही. ज्यांनी आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आशेने ऑपरेशन करून घेतलं त्यांच्यावर ही वेळ आली. हे वाचल्यावर मला तरी कुठलंही इम्प्लांटचं भाकीत बंद पडण्याच्या शक्यतेशिवाय अपुरं वाटतं. साधी गोष्ट आहे, नवीन कंपन्यांतल्या बऱ्याच बंद पडतात हे सगळ्यांना माहीत आहे, मग दहा वर्षांच्या फोरकास्टमध्ये ते का नसावं? आम्ही जोर लावल्यावर पुढच्या आवृत्तीत सपोर्टचा एक रकाना आला, त्यात वॉरंटीची मुदत आहे, पण सुटे भाग, सॉफ्टवेअरचा ताबा, काढून टाकण्याचा खर्च कुणाचा, हे अजून नाही.

दुसरी उणीव, तुलना फक्त टेक्नॉलॉजीची टेक्नॉलॉजीशी. जागं ठेवणाऱ्या गोळ्यांच्या कार्डमध्ये मोडाफिनिलची माहिती व्यवस्थित आहे, १९९८ मध्ये अमेरिकेत नार्कोलेप्सीसाठी (दिवसा आवरता न येणारी झोप येण्याचा आजार) मान्यता, २००४ मध्ये शिफ्टच्या कामामुळे होणाऱ्या झोपेच्या विकारासाठी, आणि २००५ च्या मोठ्या चाचणीत शिफ्टवाल्यांची पेंग कमी झाली तरी बरीच उरली हेही. पण शेजारी हे नाही की शिफ्टचा क्रम बदलला, मधे झोपायला जागा दिली, उजेड नीट केला तर काय मिळतं. एक्सोस्केलेटनशेजारी उंची बदलणारं टेबल किंवा लिफ्ट नाही. प्लॅन करणाऱ्याला निवड या सगळ्यातून करायची असते.

कुणी घ्यावी? ज्यांच्याकडे वर्कशॉपनंतर खुणांचा कागद सांभाळणारं एक तरी माणूस आहे त्यांनी. फक्त रिपोर्ट वाचायला घेणार असाल तर नको, तेवढं तुम्ही स्वतः चाचण्यांच्या नोंदी आणि नियमांचे बदल बघून करू शकता. आम्ही रिन्यू करताना तिमाही रिपोर्ट सोडला, वर्कशॉप ठेवलं आणि करारात तीन अटी घातल्या, प्रत्येक भाकिताला तपासता येईल असा शेवट आणि तारीख, पॅनलचे पूर्ण आकडे, आणि दरवर्षी जुन्या भाकितांचा ब्रायर स्कोअर. पहिल्या दोन त्यांनी लगेच मान्य केल्या. तिसरीवर बोलणी चालू आहेत, निकाल लागला की हा रिव्ह्यू अपडेट करीन, तोवर तुम्ही डेमो मागाल तेव्हा चार-पाच वर्षांपूर्वीचा रिपोर्ट मागून बघा.